एका दाराचं घर

साखर कारखान्याच्या काट्यावर जळीत उसाची वेगळी नोंद होते. तारेची ठिणगी पडली, कुणी बांध पेटवला, कारण काहीही असो, जळालेला ऊस काट्यावर आला की पावतीवर तसं लिहिलं जातं. दरातून कपात होते. बागाईतदार भांडतो, चेअरमनच्या दारात जाऊन बसतो, पेपरात बातमी येते. उसाच्या जळण्याला रकाना आहे. त्याच उसाच्या पाचटाची कोपी करून जो त्यात सहा महिने राहतो, त्याच्या जळण्याला रकाना नाही. म्हणून हा लेख. याला इतिहास म्हणा नाहीतर पंचनामा म्हणा, माझी हरकत नाही.

मी पाथर्डी तालुक्यातला. आमच्याकडं दिवाळी झाली की गावं ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, दहा-वीस कोयत्यांची टोळी होते, मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ट्रकमध्ये संसार भरून माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंत जातात. तिथं तळावर कोपी घालायची. चार मेढी, कारखान्याकडून मिळाले तर बांबू आणि तट्टे, वर पाचट, त्यावर प्लास्टिकचा कागद. आत चूल. एका कोपीची भिंत दुसऱ्या कोपीला चिकटलेली. ज्यानं कधी सुकलं पाचट पेटताना बघितलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. बघितलं नसेल त्यानं मुठभर पाचट घेऊन काडी लावून बघावी. दहा मोजायच्या आत हातात काही उरत नाही.

मी सातेक वर्षांचा असेन. पहाटेची भाकरी थापायची वेळ. वारा सुटला होता. कुणाच्या चुलीतला पापुद्रा उडाला ते कळलं नाही. आई आणि बाप फडावर जायच्या तयारीत होते म्हणून जागे होते, एवढंच आमचं नशीब. आमच्या शेजारच्या कोपीत झोळीत लेकरू होतं. आईनं आत जाऊन ते ओढून काढलं. ते लेकरू आता माणूस झालंय, त्याचा डावा हात आजही आखडलेला आहे. पाणी होतं, पिण्याची दोन पिंपं. त्यातलं एक आधीच अर्ध संपलेलं. उजाडलं तेव्हा तळावर राख, वाकलेली भांडी आणि एक भाजलेली शेळी. मुकादम आला, त्यानं माणसं मोजली नाहीत. त्यानं विचारलं, "किती कोयते हुबे हायेत?" सात वाजता टोळी फडावर होती. त्या कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. सगळे तळ सारखेच.

पंचनामा झाला नाही. झाला असता तरी काय? आग ही सरकारच्या आपत्तीच्या यादीत आहे, पुरासारखी, भूकंपासारखी. झोपडी जळाली तर २०२२ नंतरच्या निकषात आठ हजार रुपये आहेत. पण ती झोपडी तलाठ्याच्या दफ्तरी तुझी म्हणून पाहिजे. कोपी कुणाची? जमीन कारखान्याची नाहीतर कुणा शेतकऱ्याची, बांबू कारखान्याचे, पाचट उसाचं. आमची फक्त चूल. म्हणजे आग तेवढी आमची.

तेव्हापासून मी घर बघितलं की आधी दारं मोजतो. सवयच लागली.

आता मागं जाऊ.

जुन्या गावात महारवाडा कुठं असे? बहुतेक गावांत पूर्वेला. विद्वानांनी याची नाना कारणं दिलीत. मला रात्रपाळीत बसून जे सुचतं ते सांगतो. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे आमच्या अंगावरून गेलेला वारा गावात जाऊ नये आणि गावाचा धूर, गावाची धूळ, गावाची ठिणगी आमच्यावर यावी. वाऱ्यालासुद्धा जात लावली होती ह्या लोकांनी. वर छपराचं. अनेक गावांत अस्पृश्यानं कौलारू घर बांधायचं नाही असा दंडक होता. पैसा नव्हता म्हणून गवताचं छप्पर, हे अर्धंच खरं आहे. पैसा असला तरी कौल चढवायचं नाही, हे उरलेलं अर्ध. गवत, पऱ्हाटी, पाचट, तुराट्या. जळायला जे लागतं तेच डोक्यावर. नि गावाचं सरपण फोडायचं कामही आमच्याकडंच, मयताला लाकडं वाहायचंही आमच्याकडंच. सरकारी कायद्यानं महार वतन गेलं ते १९५८ साली. तोवर गावाच्या चुली आमच्या कुऱ्हाडीवर पेटत होत्या.

आणि पेटलं तर विझवायचं कशानं? इथं खरी मेख आहे. विहीर गावाची. आडाला हात लावायचा नाही, वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. महारवाडा पेटला तर ओंजळीनं विझवायचा का? १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब तळ्यात उतरले. तहानेचा लढा म्हणून आपण तो सांगतो, शाळेतही तसाच सांगतात. मी म्हणतो तो आगीचाही लढा होता. ज्या वस्तीला पाण्यावर हक्क नाही ती वस्ती पेटल्यावर फक्त बघत उभी राहू शकते. आजही फायर ब्रिगेडचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो, पाणी कुठाय?

त्याच वर्षी २५ डिसेंबरला आपण स्वतः एक आग लावली. महाडात मनुस्मृती जाळली. त्याची हकिकत वाचताना एक गोष्ट मला फार आवडते. खड्डा खणला होता. मोजून मापून, त्यात चंदनाची लाकडं रचली आणि त्यात पोथी. इकडं तिकडं ठिणगी उडाली नाही, कुणाचं छप्पर गेलं नाही. हजारो वर्षांत आपण लावलेली एवढी मोठी आग, तीही नियम पाळून. याच्या उलट आपल्याला लागलेल्या आगी बघा. त्याकडं मी येणारच आहे.

मुंबईकडं वळू. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा आला. शाळेच्या पुस्तकात रँड साहेब आहे, चाफेकर बंधू आहेत, गोऱ्या सोजिरांनी वाड्यात घुसून देवघरं बाटवली हे आहे. त्याच मोहिमेत रोग्यांच्या झोपड्या, अंथरुणं, चिंध्या जाळल्या गेल्या, हे एका ओळीत उरकतात. वाड्याची झडती झाली, झोपडीची होळी झाली. गरिबाच्या घराशी सरकारचा जवळून संबंध आला तो असा, हातात काडी घेऊन. मग १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा खेळती करायची आणि पाडलेल्यांतल्या काहींना चाळी बांधून द्यायच्या. सरकारी घर म्हणतात त्याची आमच्याकडची सुरुवात ही.

त्या चाळींत आपलं एक तीर्थ आहे. परळच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब वीस-बावीस वर्षं राहिले. ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या, समोरासमोर. त्याच्या आधी डबक चाळीत एकच खोली होती. त्या एका खोलीत चूल, लाकूडफाटा, जातं, शेळी आणि रात्री दोननंतर तेलाच्या दिव्यापुढं अभ्यास करणारा भीमा. चरित्रांत हे जिद्दीचं चित्र म्हणून येतं आणि ते आहेच. पण मी आगीची दारं मोजणारा माणूस. मला त्यात लाकूडफाटा आणि उघडा दिवा दिसतो. एक लोट, एक कलंडलेला दिवा. घटना राहू द्या, आपण कुणीच इथं बसून लिहीत नसतो.

१९२० साली लॉइड साहेब गव्हर्नर असताना बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बी.डी.डी. पन्नास हजार खोल्यांचा बेत होता. झाल्या किती? वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी, सोळा हजारांच्या वर खोल्या. पैसा कुठून आला हे सांगतो, कारण ते गंमतीचं आहे. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर रुपया कर बसवला. गाठीमागं रुपया. म्हणजे ज्या कापसाला आम्ही आत हाताळायचो त्याच कापसाच्या पैशातून आमची खोली. इमारत सिमेंट काँक्रीटची. लाकडी चाळीपेक्षा ह्या बाबतीत बरी, भिंत पेटत नाही. पण खिडकीच्या जागी काँक्रीटच्या पट्ट्या, मधोमध लांब अंधारा बोळ, दोन्ही बाजूला खोल्या, मजल्यावर वीस. सुरुवातीला माणसं राहायला तयार नव्हती. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा सरकारनं तुरुंग म्हणून वापर केला. मला याचं नवल वाटत नाही. बांधणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही नकाशे एकच असावेत.

माझे चुलत आजोबा डिलाईल रोडच्या चाळीत होते. एकशेसाठ चौरस फूट, त्यात गावाकडून आलेले नऊ गडी, पाळ्यापाळ्यानं झोपणारे. ते सांगायचे की चाळीत आग म्हणजे स्टोव्हचा भडका. पोलिसात तेवढंच लिहायचे, 'स्टोव्हचा भडका उडून'. पुढं बाईचं नाव. कधी पुरुषाचं नाही. भडका बरोबर सुनेलाच कसा ओळखतो, सासूला का नाही, असं ते विचारायचे आणि गप्प बसायचे. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो बाईनं लिहिला पाहिजे.

आता गिरणी. मी सूतगिरणीत ब्लोरूमला आहे म्हणून हे मला ठाऊक. कापूस हा साळसूद दिसतो पण तो बिलंदर आहे. गाठीत ठिणगी शिरली तर वर काही दिसत नाही, आत धुमसत राहते, कधी दिवसभर, आणि हवा लागली की उठते. कापसात खिळा, तारेचा तुकडा आला आणि बीटरवर आपटला की ठिणगी. म्हणून आधी लोहचुंबक लावलेला असतो. आता ठिणगी ओळखून कापूस बाजूला फेकणारी यंत्रं आली आहेत. पण ही काळजी आजची नाही. मुंबईच्या जुन्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या त्यांना जिन्याचा उंच मनोरा आठवत असेल. नक्षीकाम केलेला, लोक त्याला शोभा समजतात. त्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी असे आणि तिथून नळ खात्याखात्यात छतावर गेलेले असत. नळाला तोट्या. उष्णता वाढली की तोटी आपोआप फुटणार आणि पाऊस पडणार. विमा कंपनीला ते पाहिजे होतं, हप्ता कमी होत होता. शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या डोक्यावर पाणी टांगलेलं होतं. गिरणीच्या भिंतीपलीकडं कापूस पिंजणारा माणूस राहत होता त्याच्या डोक्यावर नव्हतं. त्याचा विमा कुणी उतरवला नव्हता. आग कशी थांबवायची हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. माहीत होतं. कापसासाठी माहीत होतं.

१४ एप्रिल म्हटलं की आपल्या अंगात वारं भरतं. निळे झेंडे, डी.जे., मिरवणूक. ह्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. बोटीत दारूगोळा होता आणि त्याच्याच जवळ कापसाच्या गाठी. आधी गाठी धुमसल्या. दुपारी चारनंतर स्फोट झाला. शेकडो माणसं मेली, गोदीच्या आसपासचे मोहल्ले जळाले, हजारो बेघर झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, २० तारखेपर्यंत सप्ताह असतो. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. गोदीत मेलेल्यांत किती हमाल, किती आपले, ह्याची यादी जातवार कुणी केली नाही आणि करूही नये. पण मला वाटतं जयंतीच्या दिवशी मिरवणूक निघण्याआधी वस्तीतल्या पोरांनी एक तास त्या ६६ माणसांसाठी द्यावा. वस्तीतली एकेक वायर बघावी. मंडपाची वायरही बघावी. जयंतीच्या मंडपात आकडा टाकून घेतलेली वीज असते, हे मी आपल्याच लोकांबद्दल लिहितोय.

इथवर आग लागली. आता आग लावली. मराठीत एका अक्षराचा फरक आहे, लागणे आणि लावणे. पंचनाम्यात नेहमी पहिलं क्रियापद येतं.

२५ डिसेंबर १९६८. तामिळनाडूत तंजावर भागात किळवेणमणी नावाचं गाव. शेतमजूर जास्त मजुरी मागत होते, लाल बावट्याखाली गेले होते. जमीनदारांची माणसं रात्री आली. दलित बाया, पोरं, म्हातारे एका झोपडीत जाऊन लपले. लहानशी झोपडी, दार एक. बाहेरून बंद केलं आणि पेटवून दिलं. चव्वेचाळीस माणसं. पुढं हायकोर्टात जमीनदार सुटले. मनुस्मृती जाळली ती तारीख आणि ही तारीख एकच. मी ज्योतिष मानत नाही, तारखा फक्त मांडून ठेवतो.

१९७८ ला २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमचा तालुका बीडला लागून आहे, शिवेपलीकडं मराठवाडा. वस्त्यांवर जाऊन घरं जाळली. कडबा जाळला, धान्य जाळलं, विहिरीत रॉकेल टाकलं. नांदेडकडं टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. माझ्या आजीचं माहेर पलीकडचं. ती सांगायची, त्या साली माणसं छपरावरचं गवत स्वतःच काढून टाकत होती. भर पावसाळ्यात. भिजलेलं बरं, जळण्यापेक्षा. अशी वेळ आलेल्या लोकांना मग कुणी पत्र्याचं पक्कं घर देतो म्हटलं तर तो देवच वाटणार की नाही? नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी. घरकुल त्याच्या आधी आलं.

१९८५-८६ ला इंदिरा आवास योजना निघाली. पहिल्यांदा ती दलित, आदिवासी आणि मुक्त झालेल्या वेठबिगारांसाठीच होती. तिची मला एक गोष्ट मान्य करायची आहे. तिच्यात निर्धूर चूल होती. घरासोबत चूल आणि संडास द्यायचा असं कागदावर होतं. म्हणजे दिल्लीत कुणाच्या तरी डोक्यात धूर आला होता, घरात माणूस श्वास घेतो हे आलं होतं. निर्धूर चुली किती टिकल्या हे गावोगाव उकिरड्यावर बघायला मिळतं, नळी फुटली की बाई तीन दगडांवर परत. तरी विचार होता. नंतर महाराष्ट्रात आपल्यासाठी रमाई आवास आली, देशात २०१६ पासून प्रधानमंत्री आवास, त्याच साली उज्ज्वलाचा सिलिंडर. आता एकाच खोलीत १४.२ किलोचा सिलिंडर आणि त्याच्याशेजारी चूल. कारण भरलेला सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल जात नाही, आणि पाहुण्यापुढं लाज नको म्हणून सिलिंडर जात नाही. २६९ चौरस फूट. पुढं एक दार. मागं एक खिडकी, तिला लोखंडी गज, चोराच्या भीतीनं. चोरानं न्यावं असं काय आहे ते मी अजून शोधतोय. चूल कुठं असते? दाराजवळ, धूर जावा म्हणून. म्हणजे भडका उडाला तर तो दारात उडणार आणि आपण गजाच्या बाजूला अडकणार.

हप्ता काढायला फोटो लागतात. पायाचा, मग लिंटेलचा, मग छपराचा. मोबाईलवर जागेसकट फोटो. लिंटेल आली का, विचारतात. संडास झाला का, विचारतात. पाटी लावली का, हे तर दोनदा विचारतात. पेटलं तर कुठून पळणार, हा प्रश्न माझ्या बापाच्या फॉर्मवर कुठं नव्हता.

शहरात कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. लागू झाला ६ डिसेंबर २००८ पासून. तारखा माझा पिच्छा सोडत नाहीत. ह्या कायद्यात जबाबदारी कुणावर? मालकावर किंवा राहणाऱ्यावर. परवानाधारक माणसाकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा. ऐकायला चोख आहे. आता हा कायदा घेऊन आपण झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत जाऊ.

गोरेगाव पश्चिम, जय भवानी. एस.आर.ए.ची इमारत, २००६ च्या सुमाराची. ६ ऑक्टोबर २०२३, पहाटे तीनची वेळ. तळमजल्यावर पार्किंग, तिथं दुचाकी, मोटारी आणि जुन्या कपड्यांचे, चिंध्यांचे गठ्ठे. ते पेटले. धूर वर चढला. माणसं ज्वाळेनं कमी आणि धुरानं जास्त गेली. किमान सात मेले, पन्नासच्या आसपास जखमी. टी.व्ही.वर लगेच सुरू झालं, ह्या लोकांनी पार्किंगमध्ये चिंध्या का ठेवल्या? बेशिस्त लोक.

मी चिंधी हाताळणारा माणूस आहे, मी उत्तर देतो. तिथल्या अनेक कुटुंबांचं पोट जुन्या कपड्यांवर होतं. झोपडीत असताना दारापुढं अंगण होतं, माळा होता, तिथं गठ्ठा राहत होता. पुनर्वसन करताना तुम्ही माणूस मोजला, त्याचा धंदा मोजला नाही. २२५ नाहीतर २६९ चौरस फुटाची खोली हातात दिली. ही खोली झोपायची आहे. पण गरीब माणसाचं घर झोपायचं नसतं, ते त्याचं दुकान असतं, गोदाम असतं, कारखाना असतो. पापड, गोधडी, भंगार, चिंधी, सगळं तिथंच. गठ्ठा घरात मावत नाही, फेकला तर संध्याकाळी चूल नाही. मग तो जिन्याखाली जातो, पार्किंगमध्ये जातो. नकाशा काढणारा म्हणतो बेशिस्त. मी म्हणतो नकाशा खोटा आहे, कारण त्यात पोट दाखवलेलं नाही.

आणि धूर वर का चढला? उभी इमारत म्हणजे चूल आणि तिचं धुराडं. वायरी नेण्यासाठी तळापासून वरपर्यंत पोकळी असते, लिफ्टचा खड्डा असतो, जिना असतो. मजल्यामजल्याला ती पोकळी बुजवलेली नसली, जिन्याला धूर अडवणारं दार नसलं, की तळातला धूर मिनिटांत गच्चीवर. झोपडी जळायची तेव्हा माणूस आडवा पळायचा. आता त्याला धुरात उभं खाली पळायचंय. जमिनीवरच्या माणसाला तुम्ही वर नेलं आणि खाली यायचा दुसरा रस्ता दिला नाही.

त्यात इमारती किती जवळ. मानखुर्द-गोवंडीकडं नटवर पारेख कंपाउंड आहे, तिथं दोन इमारतींत तीनेक मीटर अंतर. क्षयरोगाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी ते मोजून लिहिलं, ऊन येत नाही, हवा येत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते उंच इमारतीभोवती अग्निशमनाची गाडी फिरायला सहा मीटर रस्ता पाहिजे. विक्रीचा टॉवर त्याच प्लॉटवर असतो, तिथं गाडी फिरते, बागही असते. शेजारीशेजारी. एका जमिनीवर महारवाडा आणि पाटलाचा वाडा, मधे कुंपण. पूर्वेला की पश्चिमेला एवढंच बघायचं राहिलं.

गोरेगावनंतर पाच-पाच लाख जाहीर झाले, ऑडिटची घोषणा झाली. पण कायद्यानं मालक कोण? सोसायटी. बिल्डर चावी देऊन गेला, प्राधिकरण फाईल बंद करून गेलं. लिफ्टचं बिल भरता येत नाही म्हणून लिफ्ट बंद असलेल्या सोसायटीनं पंप चालू ठेवायचा, होजपाईप बदलायचे, वर्षातून दोनदा दाखला आणायचा. पितळेच्या तोट्या भंगारात जातात हे खरं आहे. कोण विकतं? आमचीच पोरं विकतात. तेही लिहिलं पाहिजे. पण ज्या पंपातून कधी पाणी आलंच नाही त्याची तोटी पोराला भंगारच वाटणार.

फक्त गरिबांच्या इमारतीत होतं असं नाही. चेंबूरच्या टिळकनगरमध्ये सरगम सोसायटी, म्हाडाच्या जुन्या वसाहतीत नवा बांधलेला टॉवर, २७ डिसेंबर २०१८, पाच माणसं गेली, बहुतेक म्हातारी. आणि हे आपल्याच देशाचं असंही नाही. लंडनला ग्रेनफेल टॉवर, कौन्सिलची घरं, १४ जून २०१७, बहात्तर मेले. बाहेरून इमारत चांगली दिसावी म्हणून जळणारं आवरण चढवलं होतं. राहणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं की मोठी दुर्घटना झाल्याशिवाय आमचं कुणी ऐकणार नाही. बहुतेक काळे, परदेशातून आलेले, कष्टकरी. एकच जिना होता. हे वाचलं तेव्हा मी गिरणीत डबा खात होतो. एकच जिना. साहेबाच्या राजधानीत आणि आमच्या तळावर एवढं साम्य असेल असं वाटलं नव्हतं.

वरळीची बी.डी.डी. आता पडते आहे. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट, चाळीस मजली टॉवर. जिथं १९७४ च्या जानेवारीत दंगल झाली, आणि त्याच महिन्यात आपल्या मोर्चावर वरून पाटा पडून भागवत जाधव गेला, त्या पँथरच्या वस्तीतली माणसं आता चाळिसाव्या मजल्यावर. मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू. शंभर वर्षं अंधाऱ्या बोळात काढल्यावर ऊन मिळतंय. पण मुंबईच्या अग्निशमन दलाची उंचातली उंच शिडी नव्वद मीटरच्या आसपास पोचते. चाळीस मजले त्याच्या वर जातात. तिथं शिडीचा उपयोग नाही, तिथं फक्त इमारतीतला पंप, इमारतीतलं पाणी आणि मोकळा जिना वाचवतो. बिल्डरची देखभालीची वर्षं सरल्यावर तो पंप कोण चालवणार हे आताच, चावी हातात असताना, लिहून घ्या. नंतर कुणी दार उघडत नाही.

आमच्या घरकुलाची गोष्ट सांगून थांबतो. मागच्या उन्हाळ्यात बापाला मंजूर झालं. आईनं गवंड्याला सांगितलं, मागच्या भिंतीला दार सोड. गवंडी म्हणाला, "वहिनी, नकाशात न्हाई. फोटोत मागं दार दिसलं तर साहेब हप्ता आडवील." बाप तिच्यावर खेकसला. आई काही बोलली नाही. तिनं गवंड्याला चहा दिला आणि म्हणाली, "आसं कर, वर लिंटेल टाक. खाली इटा नुसत्या मातीत बसव, शिमिट लावू नगो." तसं झालं. फोटो निघाले, साहेब येऊन गेले, पाटी लागली. शेवटचा हप्ता खात्यात जमा झाला त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. संध्याकाळी आईनं पहार काढली, मी घण घेतला. विटा पोत्यात भरून ठेवल्यात, न्हाणीला कामी येतील. दाराला लाकूड घ्यायला पैसे नाहीत म्हणून सध्या गोणपाट लावलंय.